पद्मिनीचा तळ

आज वागळे इस्टेटमध्ये पत्रा वाकवून घेतला. माझ्या पद्मिनी गाडीची उजवी सिल, म्हणजे दरवाजाखालची लांब पोकळ पेटी, आतून पार गंजली होती. वरून रंग शाबूत. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार. ठाण्याचा पाऊस आणि खाडीची हवा, दुसरं काय होणार!

लोक सर्रास 'चासी बदलून घ्या' म्हणतात. पण फियाट ११०० काय किंवा तिचीच पुढची पद्मिनी काय, वेगळी चासी नाहीच. तळ, सिल, खांब, छप्पर मिळून एकच सांगाडा. म्हणून सिल कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत पाइप टाचून घ्यायचा. नाहीतर गाडी मधून बसते आणि मग दरवाजा जन्मात नीट लागत नाही. डाव्या धड बाजूवरून पुठ्ठ्याचा फर्मा काढला आणि उलटा करून वापरला. मिस्त्री म्हणाले, "साहेब, जाड पत्रा घालू, मजबूत होईल." मी नको म्हटलं. शेजारचा मूळ पत्रा पातळ. वेल्डिंगच्या आचेने तोच जळणार. पाणी निघायची भोकंही ठेवायला सांगितली. ती बुजली की गंज पुन्हा आतून सुरू.

गंमत म्हणजे पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर कंपनीचा एक कारखाना इथेच, कल्याण-डोंबिवलीकडे होता. १९९०च्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. पद्मिनीचे दिवे, आरसे भंगारात अजून सापडतात. सिल कोण जपून ठेवतो? तुमच्या दारात जुनी पद्मिनी असेल, तर पावसाळ्याआधी पायाखालचं मॅटिंग उचलून तळ एकदा बघाच.