उतरलेल्या बॅटरीचा हिशेब

सेल उतरले की टॉर्चचा उजेड पिवळा पडायचा आणि रेडिओचा आवाज घोगरा व्हायचा. अनुवाद करणाऱ्या एका बाईच्या खानदेशातल्या घरी बॅटरीबद्दल याहून जास्त कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून अडतही नव्हतं. आजोबा रेडिओचे सेल काढून दुपारच्या उन्हात पत्र्यावर ठेवत. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी जोर धरते, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्यांपुरता आवाज खरोखरच परत यायचा. शिल्लक किती आहे हे वस्तूच सांगायची. मध्ये आकडा नव्हता.

आकडा तिच्या आयुष्यात आला तो लॅपटॉपबरोबर. भारनियमनाची ती शेवटची वर्षं. तालुक्याच्या गावी वीज कधी जाणार याचं वेळापत्रक पाठ असायचं, आणि ती अनुवादावर घर चालवत होती. वीज गेली की पडद्याच्या कोपऱ्यातले टक्के पाहून ती ठरवायची, हातातलं प्रकरण पुरं करायचं की फक्त टिपणं जपून ठेवायची. पंखा बंद, घामाने बोटं निसटतायत, पण तो आकडा दिलेला शब्द पाळायचा. नव्या बॅटरीत तो बहुतेक खराच असतो.

पुढे विजेची परिस्थिती सुधारली. लॅपटॉप टेबलावर आला आणि चार्जर लावलेलाच राहिला. कितीतरी वर्षांनी जिल्हा ग्रंथालयात संदर्भ उतरवून घेताना, ३७ टक्के दिसत असतानाच पडदा काळा झाला. पुन्हा चार्ज करून पाहिलं, तर पुन्हा जवळपास त्याच जागी.

‘‘ताई, बॅटरी गेली. नवीन टाकून घ्या,’’ दुरुस्तीवाल्याने सांगितलं.

‘‘दादा, बॅटरी गेलीय की आकडा चुकतोय?’’

हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण ही दोन वेगळी दुखणी आहेत. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी होते, तिची क्षमता घटते. ती झीज भरून येत नाही. पण घटलेली क्षमता कळली तर माणूस तिच्या बेताने काम करतो. आकडा चुकला तर मात्र काम अर्ध्यावर तुटतं, आणि चुकलेला आकडा पुष्कळदा दुरुस्त होतो.

हा आकडा येतो कुठून? बॅटरीच्या डब्यातच एक चिप असते. बॅटरीने आपली माहिती स्वतःच संगणकाला कळवावी, अशी ‘स्मार्ट बॅटरी’ची प्रमाणपद्धत ड्युरासेल आणि इंटेल यांनी १९९५ च्या सुमारास मांडली. नुसतं व्होल्टेज मोजून भागत नाही. पूर्ण भरलेला सेल साधारण ४.२ व्होल्टवर असतो आणि रिकामा होताना ३ व्होल्टच्या आसपास येतो हे खरं, पण मधल्या मोठ्या टप्प्यात व्होल्टेज फारच थोडं हलतं, आणि काम जड झालं की तेवढ्यापुरतं खालीही जातं. म्हणून चिप आत आलेला आणि बाहेर गेलेला प्रवाह मोजत राहते. हे किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखं आहे: रोजची नोंद होते, पण पैशा-दोन पैशांच्या चुका साठत जातात आणि मधूनमधून वही गल्ल्याशी ताडून पाहावी लागते. बॅटरीच्या बाबतीत तो ताळा बसतो दोन टोकांना, पूर्ण भरल्यावर आणि जवळजवळ रिकामी झाल्यावर. कायम चार्जरवर असलेल्या लॅपटॉपला खालचं टोक दिसतच नाही. मग चिप कधीकाळी शिकलेली क्षमता धरून बसते.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढता येतो. तिने तो काढला. त्यात दोन ओळी कामाच्या असतात. मूळ क्षमता होती ४७,५२० मिलिवॉट-अवर, म्हणजे १०.८ व्होल्ट गुणिले ४,४०० मिलिअँपिअर-अवर, सहा सेलच्या जुन्या पॅकचा नेहमीचा हिशेब. दुसरी ओळ, आज पूर्ण भरल्यावर मावणारी क्षमता, ४१,०४० सांगत होती. इतकी जुनी बॅटरी आणि झीज फक्त चौदा टक्के? तिला तिथेच शंका आली. ४१,०४० चे ३७ टक्के म्हणजे सुमारे १५,१८५. एवढी वीज बॅटरीत नव्हती, फक्त चिपच्या नोंदीत होती. अशा पॅकमध्ये सेलच्या तीन जोड्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यांतली सगळ्यात अशक्त जोडी तळाला पोचली की इतर दोघींत काही उरलं असलं तरी संरक्षक सर्किट सगळाच पुरवठा तोडतं.

इंटरनेटवरचा एक लाडका उपाय म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधून बॅटरीचा ड्रायव्हर काढून मशीन पुन्हा सुरू करणं. विंडोजच्या बाजूने आकडा अडकला असेल तर तो चालतो, पण चिपच्या नोंदीला त्याचा स्पर्शही होत नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तिने तिथलं वाचन पाहिलं. तेच ४१,०४०. म्हणजे चूक बॅटरीच्या डब्यातच होती.

मग तिने बॅटरी शंभर टक्के भरली, तशीच दोनेक तास चार्जरवर राहू दिली. उघड्या फायली बंद केल्या, आपोआप झोपी जाण्याची सेटिंगं काढली, चार्जर सोडवला आणि हलकं, एकसारखं काम चालू ठेवून लॅपटॉप आपणहून बंद पडू दिला. काही तास विश्रांती, आणि मग मध्ये न तोडता पुन्हा पूर्ण चार्ज. पहिल्या खेपेला आकडा थोडाच खाली आला, नंतर तो २५,८६० वर येऊन थांबला. ४१,०४० मधून २५,८६० वजा केले की ते १५ हजार बरोबर निघतात.

असं वरचेवर मात्र करू नये. ‘पूर्ण उतरवा आणि मगच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला आहे आणि त्या बॅटरीसाठी तो योग्य होता. सोनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयनला पूर्ण उतरवणं झिजवतं. आकडा भरकटल्याचं दिसलं तरच एखादी खेप करावी. चार्जरवर सतत राहणाऱ्या मशीनमध्ये सोय असेल तर चार्जची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवावी, कारण पूर्ण भरलेली आणि गरम बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि डबा फुगलेला दिसला तर यातलं काहीच करू नये. ती बॅटरी काढून ठेवायची, टोचायची नाही, कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

पंधरा वॅट खाणाऱ्या तिच्या लॅपटॉपला २५,८६० म्हणजे जेमतेम पावणेदोन तास. ग्रंथालयातल्या एका बैठकीला ते पुरतात, म्हणून नवी बॅटरी तिने अजून घेतलेली नाही. दुरुस्तीवाल्या दादांना तिने दोन्ही रिपोर्ट नेऊन दाखवले. आता ते गिऱ्हाइकाला नव्या बॅटरीची किंमत सांगण्याआधी रिपोर्ट काढतात, आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवूनच पुढचं बोलतात.