चढणाऱ्या गाडीला वाट

निघायच्या दिवशी पहाटे आईने मला स्वयंपाकघरात बोलावले आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा हाती देत हळूच बजावले, "घाटात गाडी त्यांच्या हाती देऊ नकोस हं. काहीही सांग, पण देऊ नकोस."

बाहेर अण्णा टायरमधली हवा पाहत होते. अण्णांना 'नाही' म्हणायचे काम आई नेहमी दुसऱ्या कोणावर तरी सोपवते. यंदा पाळी माझी होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय 75. बांधकाम खात्यात त्यांची 36 वर्षे नोकरी झाली आणि त्यातली बहुतेक सह्याद्रीच्या घाटरस्त्यांवर गेली. मला गाडी त्यांनीच शिकवली, घरच्या जुन्या फियाटवर. पंचावन्नाच्या पुढे वाहनाचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. त्यांची मुदत या ऑगस्टमध्ये संपत होती. "त्याआधी निलगिरीचा घाट एकदा स्वतः चढायचा," असे त्यांनी पाडव्यालाच जाहीर करून टाकले होते. आईचे गुडघे दुखतात, माझ्या यजमानांना रजा नव्हती. तेव्हा मे महिन्यात आम्ही बापलेक दोघेच पुण्याहून निघालो.

घाटांत काम केलेल्या इंजिनिअरबरोबर प्रवास करणे ही काय चीज आहे, हे अनुभवल्याशिवाय कळायचे नाही. तुम्हीआम्ही खिडकीतून डोंगर, नदी, देवळाचे शिखर पाहतो. अण्णा मोऱ्या पाहतात. कोल्हापूर गेले, बेळगाव गेले, हुबळी-दावणगेरे गेले, पण अण्णांच्या तोंडी एकच, "पाणी जायला वाट ठेवली नाही बघ. पहिल्याच पावसात हा रस्ता वाहून जाणार!"

एरवी सपाटीवर तासदीडतास ते गाडी चालवत आणि मी मुकाट्याने शेजारी बसे. पण आमच्या दोघांच्याही मनात घाट होता. ते वाट पाहत होते आणि मी सबबी जुळवीत होते.

म्हैसूरला मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. बंदीपूरच्या जंगलातून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहनांना बंदी असते. 2009 पासून हा नियम आहे. रात्रीचा रस्ता जनावरांचा, दिवसाचा माणसांचा, अशी ही वाटणी. जंगल ओलांडले की तामिळनाडू लागते. 2024 पासून निलगिरीत जाणाऱ्या बाहेरच्या गाड्यांना आधी ई-पास काढावा लागतो, तो दाखवला. तेप्पकाडूला सरकारी हत्तींचा तळ आहे. तिथे मोयार नदीच्या काठी पुऱ्या खाल्ल्या आणि मसिनागुडीची वाट धरली.

समोर निलगिरीची भिंत उभी होती. लहानपणी मला वाटे, त्या डोंगराला सर्दीच्या तेलावरून नाव पडले असावे! घडले ते उलटे. ती उंच, गुळगुळीत खोडाची झाडे मूळची ऑस्ट्रेलियाची. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ती या डोंगरांवर लावली आणि आपण मराठी माणसांनी डोंगराचे नाव झाडाला देऊन टाकले. ज्या कुरिंजीच्या निळ्या फुलांवरून डोंगर निळा झाला असे म्हणतात, ती मात्र बारा वर्षांतून एकदा फुलते.

मसिनागुडी मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, "थांबव. आता मी घेतो."

जुळवलेल्या सबबी मला एकही आठवली नाही. पाहिले तर त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या होत्या. मी उतरले आणि निमूटपणे पलीकडे जाऊन बसले. आई, क्षमा कर!

या कल्हट्टीच्या घाटात 36 वळणे आहेत आणि प्रत्येकाशी आकड्याची पाटी आहे. "माझ्या नोकरीची जितकी वर्षे तितकी वळणे," अण्णा खुशीत होते. आणि खरे सांगते, पहिली काही वळणे त्यांनी अशी घेतली, की पाहत राहावे. वळणाआधी गिअर खाली, एकदा हॉर्न, गाडी बाहेरच्या अंगाने फिरवून अलगद आत. इंजिनाचा आवाजसुद्धा चढला नाही. त्यांची पाठ ताठ झाली होती. वीस वर्षांपूर्वीचे अण्णा माझ्या शेजारी बसले होते.

पुढच्या एका वळणावर वरून गाजरांच्या पोत्यांनी भरलेली जीप आली. तिने हॉर्न दिला होता. मी ऐकला, अण्णांनी ऐकला नाही. जीप दिसली तेव्हा त्यांनी गाडी दाबून थांबवली, इंजिन बंद पडले आणि गाडी हातभर मागे घसरली. पाय ब्रेकवर पुन्हा पडायला किती वेळ लागला असेल? क्षण, दीड क्षण. मागे कठडा होता. त्याच्यामागे काही नव्हते.

जीपवाल्याने गाडी डोंगराच्या अंगाला घेऊन आम्हाला पुढे जायची खूण केली. अण्णांनी गाडी पुढच्या रुंद जागेपर्यंत नेली, हँडब्रेक लावला आणि खाली उतरले. मीही उतरले. काय बोलावे, कळेना. ते कठड्यावर हात ठेवून दरीकडे पाहत उभे राहिले. हात थरथरत होता, म्हणून कठड्यावर ठेवला होता, हे मला दिसले. मी दुसरीकडे पाहिले.

"कठडा चांगला बांधलाय," ते म्हणाले.

मग थोड्या वेळाने, "घाटाचा नियम काय, सांग बघू. फियाटवर शिकवला होता."

"चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. उतरणाऱ्याने थांबायचं."

"त्या जीपवाल्याला माहीत होता," असे म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हाती दिली आणि डाव्या बाजूचे दार उघडून आत बसले.

उरलेली वळणे मी घेतली. अण्णा एकेक पाटी वाचत होते आणि "आता दुसरा... हं, थोडं बाहेरून..." असे हळू आवाजात सांगत होते. उटी जवळजवळ सव्वादोन हजार मीटर उंच आहे. वर पोचलो तेव्हा मे महिन्यात स्वेटर काढावे लागले. अण्णांनी खिशातून निलगिरीच्या तेलाचा रुमाल काढून नाकाला लावला आणि भोवतीच्या झाडांकडे पाहून स्वतःशीच हसले.

रात्री आईचा फोन आला. "घाटात कोण चालवत होतं?"

"मीच," मी म्हणाले. अर्धे खरे होते.

दुसऱ्या दिवशी आगगाडीने कुन्नूरला गेलो. ही डोंगरातली रेल्वे 1899 मध्ये मेट्टुपाळयमहून कुन्नूरपर्यंत आली आणि 1908 मध्ये उटीला पोचली. कुन्नूरच्या खाली चढ असा, की दोन रुळांच्या मधोमध दाते असलेला तिसरा रूळ टाकला आहे. इंजिनाचे दातेरी चाक त्यात अडकते. स्टेशनावर शेजारच्या एका लहान मुलाने विचारले, तेव्हा अण्णा त्याला समजावून सांगत बसले. "चढताना इंजिन पुढे नसतं, बाळ. मागे असतं. डबे पुढे आणि इंजिन खालून ढकलतं. डबे मागे घसरू नयेत म्हणून."

परत येताना आम्ही गुडलूरची वाट धरली. गाडी अण्णांनी मागितली नाही. मीही विचारले नाही. मोऱ्या मात्र ते पूर्वीसारख्याच पाहत होते.

ऑगस्ट आला आणि गेला. परवान्याच्या अर्जाचे कोणी नाव काढले नाही. एके दिवशी माहेरी गेले, तर दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून अण्णांनी माझ्यापुढे धरली. "आईला डॉक्टरांकडे न्यायचंय. मी मागे बसतो."

आई चप्पल घालता घालता माझ्या कानाशी आली. "फोनवर खोटं बोललीस ना? त्यांनी त्याच रात्री मला फोन करून सगळं सांगितलं होतं."