अनोळख्यांची पंगत

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचे एक आप्त मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजातून चार दिवसांची सफर करून आले. समुद्र, सूर्यास्त आणि जहाजाचे मजले यांचे वर्णन त्यांनी दोन वाक्यांत आटोपले; जेवणाच्या मेजाविषयी मात्र ते तासभर बोलत होते. पहिल्या रात्री तेथील सेवकाने त्यांस आठ जणांच्या एका मेजावर नेऊन बसविले. उरलेले सातही जण परके! आमच्या आप्तांस तो आपला अपमानच वाटला. त्या रात्री शेजाऱ्याकडून मीठ मागून घेण्याचाही त्यांना संकोच झाला. परंतु तिसऱ्या रात्री एक खुर्ची रिकामी दिसताच सगळ्यांनी हात आवरून त्या माणसाची वाट पाहिली म्हणे. "तुम्हां रानातल्या माणसांना असा अनुभव कोठून यावा?" असे शेवटी त्यांनी आम्हांस विचारले.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे समुद्र नाही, हे खरेच. वर्धा आणि वैनगंगा आहेत, त्यांत डोंगे चालतात. परंतु डोंग्यात कोणी मेज मांडीत नाही. तथापि त्या प्रश्नाने आम्हांस एका पंगतीची आठवण झाली. ती आजवर आम्ही घराबाहेर कोणास सांगितली नव्हती, कारण तीत आमची शोभा नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल वरोऱ्याजवळच्या आनंदवनास गेली होती. सोबत शिक्षक म्हणून आम्ही होतो. बाबा आमटे यांनी १९४९ साली, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर तेथील खडकाळ माळावर संसार मांडला, ही कथा आपल्या जिल्ह्यातील मुलांना पाठ असते. सहलीच्या आदल्या दिवशी विज्ञानाच्या तासास आम्ही या रोगाची माहिती मोठ्या उत्साहाने दिली होती. १८७३ साली नॉर्वेतील हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. बहुतेक माणसांच्या अंगी त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती निसर्गतःच असते. १९८२ पासून दिल्या जाणाऱ्या बहुविध औषधोपचाराने रोगी सहा महिन्यांत वा वर्षभरात बरा होतो. बोटे झडतात असे लोक म्हणतात, परंतु ते तसे नव्हे. हातापायांची संवेदना गेल्यामुळे भाजलेले-कापलेले कळत नाही, जखमा चिघळतात आणि त्यातून बोटे आखूड होतात. एकत्र जेवल्याने हा रोग जडत नाही, हे वाक्य तर आम्ही फळ्यावर लिहून खाली रेघ ओढली होती.

दुपारी जेवणाची वेळ झाली. मुले ओळीने बसली. वाढावयास जे आले त्यांत एक वृद्ध गृहस्थ होते. रोग बरा होऊन त्यांस कित्येक वर्षे लोटली होती, परंतु दोन्ही हातांची बोटे पेरापेरांनी आखूड झालेली होती. भाजीचा डाव ते दोन्ही तळव्यांत धरीत आणि एक थेंबही न सांडता वाढीत. ते आमच्यासमोर आले, आणि आमच्या तोंडून शब्द गेले, "आज आमचा उपवास आहे."

वाचकहो, वार बुधवार होता. तिथीही कोणती विशेष नव्हती.

वृद्धाने आमच्याकडे क्षणभर पाहिले, डाव भांड्यात ठेवला आणि ते आत गेले. थोड्या वेळाने ते परतले, तेव्हा त्यांच्या तळव्यांत दोन केळी होती.

"गुरुजी, उपासाला केळं चालते न जी? घ्या. साल हाये त्याले. आतमंदी कोनाचा हात लागत नाई."

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर आम्हांस ते सोपे गेले असते. समोरच्या माणसास काय सोसेल आणि काय सोसणार नाही, याचा आयुष्यभर अंदाज घेत आलेल्या माणसाचा तो सरळ विचार होता. शेजारी नववीतील एक मुलगी बसली होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला होता; तो हातात तसाच धरून ती आमच्याकडे पाहत होती.

हा भित्रेपणा आमच्या एकट्याचा नाही, असे म्हणून आम्ही पुढे स्वतःची समजूत घालून पाहिली. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहाचे पेले पुढे आले, तेव्हा रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य ओढवले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. एका पेल्याने एवढे केले! वरोऱ्याच्या बाजारातही प्रारंभी आनंदवनाची भाजी कोणी घेईना. पुढे १९५० नंतरच्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण तेथे इमारती बांधावयास आले, तेथेच राहिले, तेथलेच अन्न जेवले. ते पाहून गावाची भीती ओसरली आणि भाजी खपू लागली. खुद्द बाबांनीही पावसात गटाराकाठी पडलेल्या तुळशीरामास प्रथम पाहिले तेव्हा भीतीने पळच काढला होता, आणि मग ते मागे फिरले. परंतु त्यांचे मागे फिरणे आणि आमचे केळे हातात घेऊन बसून राहणे यांची तुलना करण्याचे धाडस आम्हांस नाही.

खरे कारण घरचे होते. आम्ही लहान असताना मूल तालुक्यातील आमच्या घरी गोठ्याच्या भिंतीवर एका खिळ्याला जर्मनचे एक ताट टांगलेले असे. ते काकांचे ताट. त्यात वरून भात टाकीत, आणि पाणी त्यांच्या ओंजळीत उंचावरून ओतीत. आम्ही एकदा खेळता खेळता त्या ताटास हात लावला, तेव्हा आजीने आम्हांस विहिरीवर नेऊन राखेने हात घासावयास लावले. एके दिवशी काका दिसेनासे झाले. पंढरपुरास गेले, असे घरात सांगण्यात आले. ताट पुढे बरीच वर्षे खिळ्यालाच होते. आम्ही रसायनशास्त्र शिकलो, जीवशास्त्र शिकलो, मुलांनाही शिकविले. त्या राखेचा खरखरीतपणा मात्र हातावरून गेला नव्हता.

आम्ही केळी बाजूस ठेवली आणि ताट पुढे केले. "बाबा, भाकर वाढा," एवढेच म्हणता आले. त्यांनी भाकर वाढली, भाजी वाढली, वर जवसाची चटणी घातली. मग वाढणे आटोपून ते स्वतःचे ताट घेऊन आमच्यासमोरच बसले. पहिला घास गिळताना घसा कोरडा पडला होता, हे कबूल केले पाहिजे. चौथ्या-पाचव्या घासास आम्ही त्यांच्याशी धानाच्या भावाविषयी बोलत होतो. त्यांस आमच्या तालुक्यातले तलाव नावानिशी ठाऊक होते. कोणत्या पाळीवर सिंगाडा चांगला होतो यावरून आमचा थोडा वादही झाला, आणि त्यांचेच बरोबर असावे असे आज वाटते.

"मायं ताट बी घरी येगळंच होतं जी," ते मध्येच सहज म्हणाले आणि चटणी घ्या म्हणून आग्रह करू लागले. येथे कधी आमच्या काकांच्या नावाचे कोणी आले होते काय, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता. तो आम्ही विचारला नाही. का विचारला नाही, हे आजही सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत त्या नववीतील मुलीने विचारले, "गुरुजी, तुमचा उपवास नेमका कधी सुटला?" सारी गाडी हसली. आम्हीही हसलो. दोन केळी आमच्या पिशवीत होती. ती तिने व तिच्या मैत्रिणीने वाटून खाल्ली.

रात्री घरी आल्यावर आम्ही आईस सर्व सांगितले, उपवासाची गोष्टदेखील. ती फार वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "भाजी कशाची होती रे?"

"वांग्याची."

"भाऊजींना वांगी फार आवडत," ती म्हणाली, आणि उठून आमचे ताट वाढावयास गेली.