विष शोधायला जासईस

दिवाळी अंकाच्या संपादकांना गोष्ट कबूल केलेला लेखक आणि मुलीचे लग्न ठरवून बसलेला बाप, दोघांची झोप सारखीच उडते. यंदा माझी उडाली ती विषापायी.

गोष्ट तशी जुळून आली होती. कंपनी सरकारच्या अमदानीतले, साधारण १८२५ च्या सुमाराचे उरणकडचे एक खेडे. मिठागरांचा एक कर्दनकाळ मालक. त्याची सोशीक, पण मनात धुमसणारी सून. आणि एके रात्री मालकाचा गूढ मृत्यू. सुनेने त्याला विष घातले, हे शेवटच्या पानावर उघड व्हायचे होते. सगळे ठरले होते. फक्त कोणते विष, ते ठरत नव्हते.

प्रथम मी त्याला हिरकणी चारली. आपल्या नाटक-कादंबऱ्यांतून हिरकणी खाऊन इतक्या जणांनी प्राण सोडले आहेत की मला शंकाही आली नाही. आमच्या सौभाग्यवतींना पहिला खर्डा वाचून दाखवला. त्या पोहे निवडता निवडता म्हणाल्या, "सासऱ्याच्या जेवणात हिरा कुटून घालण्याइतकी ऐपत असती, तर ती वेगळे बिऱ्हाड करून नसती राहिली?"

मुद्दा बिनतोड होता. शिवाय चौकशी केल्यावर कळले, की हिऱ्याने माणूस मरतच नाही. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन; पोटात तो विरघळत नाही, आला तसा निघून जातो. पण हा भ्रम केवळ आपला नव्हे. सोळाव्या शतकातला इटलीचा प्रसिद्ध सोनार-शिल्पकार चेल्लिनी याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की शत्रूंनी त्याच्या अन्नात हिऱ्याची पूड घालण्याचा घाट घातला होता; पण पूड करायला दिलेला हिरा कारागिराने स्वतःच्या खिशात टाकला आणि भलताच हलका खडा कुटून दिला, म्हणून तो वाचला! बिचारा मरेपर्यंत त्या चोराचे उपकार मानत असणार.

बडोद्याच्या खटल्यातही हिरा आहेच. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी रेसिडेंट कर्नल फेअर सकाळचा फेरफटका आटोपून आले. रोजच्याप्रमाणे पपनसाचे सरबत ठेवलेले होते. दोन घोट घेतले, चव बरी वाटली नाही, उरलेले फेकून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ तपासला, तो त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. आळ आला प्रत्यक्ष मल्हारराव महाराज गायकवाडांवर. १८७५ च्या फेब्रुवारीत सहा जणांचे कमिशन बसले. महाराजांच्या बाजूने विलायतेहून बॅलंटाइन नावाचे नामांकित बॅरिस्टर आले. साक्षी झाल्या त्या मुख्यतः रेसिडेन्सीतल्या नोकरांच्या. एका हवालदाराच्या पट्ट्यात म्हणे सोमलाची पुडी सापडली. शेवटी तीन इंग्रज सभासद म्हणाले महाराज दोषी. शिंदे सरकार, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव म्हणाले, शाबीत होत नाही. तरीही एप्रिलमध्ये महाराजांची गादी गेली. कारण दाखवले गेले ते राज्यकारभारातल्या गैरव्यवस्थेचे. १८८२ साली मद्रासेस त्यांचा अंत झाला.

तेव्हा हिरा सोडून मी सोमलाकडे वळलो. सोमल बाजारात मिळे, त्याला चव जवळजवळ नसते आणि त्याने येणारे मरण पटकीसारखे दिसते. त्या काळी पटकीच्या साथी येत-जात, त्यांत एखादा सासरा जास्त गेला तर कोण मोजतो? पण दुसरीच अडचण उभी राहिली. प्रेताच्या पोटातला सोमल खात्रीने ओळखण्याची रीत जेम्स मार्श या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने काढली १८३६ साली. माझा मालक मरतो १८२५ मध्ये. म्हणजे विष घातले हे गोष्टीतल्या कोणालाही सिद्ध करता येण्याजोगे नव्हते. मग माझ्या शेवटच्या पानावर ते "उघड" कसे होणार?

पूर्वीच्या लोकांजवळ परीक्षा होत्या, नाही असे नाही. कौटिल्याने सांगितले आहे, की राजाचे अन्न आधी अग्नीला आणि पक्ष्यांना घालावे; विष असले तर ज्वाळेचा रंग पालटतो, चकोराचे डोळे विटतात. संभाजी महाराजांवर १६८१ साली विषप्रयोगाचा कट झाला, त्याची हकीकत मुंबईच्या इंग्रजांनी पत्रात लिहून ठेवली आहे. विष माशात कालवले होते. एका पोराने सावध केले, म्हणून महाराजांनी ते खाल्ले नाही. एका नोकराला आणि कुत्र्याला घातले, आणि दोघेही काही तासांत मेले. प्रयोगशाळा झाली ती अशी! त्या नोकराचे नाव पत्रात नाही. माझ्या मनातून मात्र तो बरेच दिवस हलेना.

अशा गोंधळात असताना कचेरीतले माझे एक जुने स्नेही भेटले. ते जासईचे. म्हणाले, "पुस्तकं कसली चाळताय? गोष्ट आमच्याकडची, तर विषही आमच्याकडचंच घ्या. गौरीच्या आधी या. डोंगर हिरवागार असतो, आणि आमच्या आजीला रानातलं झाडन् झाड ठाऊक आहे."

भाद्रपदातल्या एका सकाळी निघालो. पूर्वी पनवेलवरून एस. टी. ने धक्के खात जावे लागे. आता जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. खारफुटी, खाडीचे चमकते पाणी, मध्येच बांध घातलेली खारजमीन, आणि लांबवर अटल सेतूचा लांबच लांब पट्टा, असे सगळे खिडकीतून सरकत गेले. स्टेशनापासून रिक्षा केली. रस्त्यावर न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरांची अशी रांग, की आमची रिक्षा हत्तींच्या मिरवणुकीत शिरलेल्या शेळीसारखी दिसत असावी.

जासई मी मनात योजले होते तसे अर्थातच नव्हते. मिठागरांचा आणि भातशेतीचा हा टापू १९७० नंतर नव्या मुंबईसाठी संपादनात गेला. दि. बा. पाटील याच गावचे. त्यांच्या पुढारपणाखाली जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ तारखांना गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. स्नेही हे सगळे चालता चालता सांगत होते. कोणते शेत कोणाचे होते, ते कंटेनरच्या आवारांकडे बोट दाखवून सांगत होते. मी मान डोलावत होतो, पण खरे सांगायचे तर माझे लक्ष कुंपणांकडे होते.

आणि काय कुंपणे ती! आयुर्वेदात उपविषे म्हणून सात मोजली आहेत: रुई, निवडुंग, धोत्रा, लांगली म्हणजे कळलावी, कण्हेर, गुंज आणि अफू. त्यांतली अफू सोडली तर बाकीची मंडळी डोंगराच्या पायथ्याच्या अर्ध्या मैलात हजर होती. रुई मारुतीला वाहतात, धोत्रा महादेवाला, कण्हेर कोणालाही चालते, आणि गुंजेने पूर्वी सोने तोलत. आपण विषाशी इतक्या घरोब्याने राहतो, हे मुंबईत बसून ध्यानात येत नाही. एका वेलीवर कारटेही दिसले. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याखाली चिरडायचे ते हेच. अजून हिरवे होते.

कळलावी मात्र मी प्रथमच अशी समोरासमोर पाहिली. पानांच्या टोकांचे तणावे करून ती करवंदीच्या जाळीवर चढली होती. पाकळ्या उलट्या वळलेल्या, खाली पिवळ्या आणि वर लाल, जणू कोणी ओंजळभर निखारे उधळले आहेत. अग्निशिखा हे नाव उगीच नाही पडले. ही फार वाईट वनस्पती. हिचा नांगराच्या आकाराचा कंद पोटात गेला तर मरण पटकीसारखेच येते. यातले द्रव्य अगदी मोजक्या प्रमाणात वातरक्तावर औषध म्हणून वापरतात. प्रमाण चुकले की संपले. मुंबईत मी याची टिपणे काढली होती. त्यांत एक ओळ अशी होती, की यातून एखादा वाचला तर साधारण दोन आठवड्यांनी त्याचे केस झडतात. गोष्टीला निरुपयोगी म्हणून मी त्या ओळीवर काट मारली होती.

फूल तोडून मी घरी नेले. ओटीवर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या घरात, पाठ वाकलेली, डोळे मात्र लखख. माझ्या हातात फूल पाहताच म्हणाल्या,

"बाला, ती भायेर टाक. कललावी ती. आमचे घरान नाय आनीत."

मी म्हणालो, "आजी, तुमच्याकडे तर गौरीला लागते ना ही? गौरीचे हात म्हणतात म्हणे."

"लोकांचे घरान लागते. आमचे गवरीला नाय."

घरात आणली की भांडणे लागतात, हा समज मला ठाऊक होता. नावच कळलावी! पण आजींच्या स्वरात नुसता समज नव्हता. स्नेही उठून चहाचे बघायला आत गेले. त्यांना ही हकीकत ठाऊक असावी, किंवा ऐकायची नसावी. मी फूल अंगणापलीकडे टाकून आलो, हात धुतले, आणि बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आजी आपण होऊनच बोलल्या.

"माजे सासूची मोठी जाव व्हती. नाव नाय घेत आमी तिचा. श्रावनाचा महिना, घरान भाताचा दाना नाय. ती रानान गेलती, करांदं खनाला. टोपलीभर कांदं आनलं, शिजवलं. तिघांनी खाल्लं. रातभर उलट्या न् हगवन. सकालचे सासरा गेला. सांजचे तिचा सोताचा पोरगा गेला. चार वर्साचा."

"आणि ती?"

"ती वाचली ना! तीच तर वाचली. नवरा मुंबैला गोदीन व्हता. माजी सासू म्हायेरला गेलती. ती आली न् बोलली, दोघं मेली, मंग ही वाचली कशी? सासऱ्याशी तिचा पटत नव्हता, ता गावाला ठावं. सासऱ्याला घालाला गेली न् पोरगा मदी आला, असा बोलली माजी सासू. मंग पंधरा दिसांनी तिचे केस गेले. झुबकंच्या झुबकं हातान यायचं. गाव बोलला, बघा, देवानं दाखवला. नवऱ्यानं म्हायेरला धाडली. दुसरी केली. ती तकडंच मेली, बोडक्या डोक्याची."

माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. काट मारलेली ती ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली.

"आजी," मी म्हणालो, "कळलावी खाऊन जो वाचतो, त्याचे केस जातातच. पंधरवड्यानंच जातात. देवाबिवाचं काही नाही त्यात."

त्यांना ते पटकन समजले नाही. मी पुन्हा सांगितले. करांद्यांत चुकून कळलावीचा कंद आला असावा. केस गेले, याचा अर्थ तिच्याही पोटात तेच गेले होते. कमी गेले असेल इतकेच. घरात अन्न थोडे असले की शेवटी जेवणारणीच्या वाट्याला किती येते, ते आजींना मी सांगायची गरज नव्हती. मनातल्या मनात मी वकिली शंकाही काढून पाहिली. सोमलानेही केस जाऊ शकतात. पण मग तो तरी तिच्या पोटात कसा गेला? दुसऱ्याला विष घालणारी बाई ते आपल्या आणि आपल्या लेकराच्या ताटात वाढून घेत नाही. कोर्टात हे टिकले असते की नाही, कोण जाणे. तिचे प्रकरण कोर्टात गेलेच नव्हते.

आजींनी सूप खाली ठेवले.

"म्हनजे तिनं पन खाल्ला व्हता."

"हो."

"पुस्तकान लिवलाय ह्यो?"

"लिहिलंय, आजी."

"छापलेला?"

"छापलेलं."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत. सूप उचलले, पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. पण निवडलेलेच पुन्हा निवडत होत्या. आम्ही जेवलो, बोंबलाचे कालवण उत्तम होते, आणि चारच्या गाडीने मी परत निघालो. गाडीत बसल्यावर पिशवीतून गोष्टीचा खर्डा काढला. माझी ती धुमसणारी सून. तिला मी ज्या बेताने सापळ्यात आणले होते, तो बेत वाचवेना. ती वाचली कशी, सासऱ्याशी तिचे पटत नव्हते, हेच माझेही पुरावे होते. अगदी तेच. मी तिला फासावर चढवून संपादकांकडून मानधन घेणार होतो.

गोष्ट मी पाठवली नाही. संपादकांना फोन करून सांगितले, तेव्हा ते आधी भडकले आणि मग म्हणाले, "मग प्रवासवर्णन तरी द्या." ते हे.

सर्वपित्री अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी स्नेह्यांचा फोन आला. आजींनी यंदा पितरांसाठी छपरावर एक पान जास्त ठेवायला लावले. नातवंडांनी विचारले, हे कोणाचे? तेव्हा आजींनी नाव सांगितले. त्या घरात ते नाव नातवंडांनी पहिल्यांदाच ऐकले. स्नेह्यांनी ते मलाही सांगितले. पण ते त्या घरचे आहे, इथे छापायचे नाही.

कावळा शिवला का, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही.