एका ओळीची चिठ्ठी

आमच्या घरात कमाई दोन वाटांनी येते. एक शाळेची, महिन्याच्या महिन्याला. दुसरी समुद्राची, आली तर आली. गेल्या वर्षी शाळेच्या पगारातून उमराहसाठी बाजूला ठेवलेले पैसे आम्ही नौकेच्या इंजिनात घातले, आणि दुरुस्त झालेलं इंजिन तिसऱ्याच फेरीला बंद पडलं. ही हकीकत लिहावी की नाही, यावर आम्हा दोघांत बरेच दिवस बोलणं चाललं होतं. मिस्त्री आमच्याच खाडीतले, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. शेवटी ठरलं की त्यांचं नाव लिहायचं नाही, आणि आपली चूकही लपवायची नाही.

आमचं गाव जयगडच्या खाडीकाठी. नौका लाकडी, ट्रॉलिंगची, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन. गेल्या मे महिन्यात इंजिन तापायला लागलं. ऑइल कमी व्हायचं, पण गळताना कुठे दिसायचं नाही. एकदा यांनी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं तर आत रश्शावर येतो तसा तेलाचा तवंग. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते, त्यामुळे दुरुस्तीचा काळ तोच. नौका ओढून वर घेतली आणि इंजिन मिस्त्रीचाचांच्या शेडमध्ये गेलं.

त्यांनी तवंग पाहिला आणि सांगितलं, "हेड गॅसकेट गेलंय. ऐंशी-नव्वद हजार धरून चाला." मग हेड घासून आणावं लागलं. मग रिंगा बदलल्या. मग बेअरिंग. दर आठवड्याला फोन यायचा, "भाभी, अजून थोडे लागतील," आणि आम्ही पाठवायचो. काय बदललं, जुना भाग कुठे आहे, हे एकदाही विचारलं नाही. विचारायचो ते एवढंच, "कधी देणार?" खलाशांना उचल देऊन झाली होती. त्यातले तिघे नेपाळचे, ते २५ जुलैला येऊन बसले. त्यांच्या जेवणाचा खर्च सुरू, शेजारच्या नौका रंगून तयार. आम्ही रोज संध्याकाळी शेडमध्ये जाऊन उभे राहायचो. आज वाटतं, आमचं ते उभं राहणंही या कामात बिघाड करून गेलं.

२९ जुलैला इंजिन बसलं. एकूण १,४२,००० रुपये झाले. सगळे त्याच दिवशी हातात दिले. त्यांनी सिगारेटच्या पाकिटाएवढ्या कागदावर लिहून दिलं, "इंजिन काम पूर्ण, १,४२,०००." ना तारीख, ना भागांची नावं.

आणि हे कोणाच्या बाबतीत घडावं? दहावीच्या मुलांना मराठीत तक्रारपत्र आणि उर्दूत दरख्वास्त आम्ही शिकवतो. तारीख राहिली की गुण कापतो. कुरआन शरीफातली सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हेही मुलांना कित्येकदा सांगून झालंय. आमचा व्यवहार उधारीचा नव्हता, रोखीचा होता, म्हणून तिथे लिहिण्याची गरज वाटली नसेल, अशी आम्ही स्वतःची समजूत घालत होतो. खरी गोष्ट अशी की घरच्या माणसाकडे कागद मागायची आम्हाला लाज वाटली.

पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. ऑगस्टमध्ये कोळंबी चांगली लागते, सगळ्या मोसमाची भिस्त त्या पाच-सहा आठवड्यांवर असते. तिसऱ्या फेरीला रात्री नांगर टाकून नौका उभी होती. पहाटे इंजिन सुरू करण्यापूर्वी यांनी ऑइलची काठी ओढून पाहिली, तर तिला दुधाच्या चहाचा रंग. ऑइलमध्ये पाणी शिरलं होतं.

अशा वेळी इंजिनाला हात लावायचा नसतो. हे यांना माहीत होतं. पण बर्फात माल होता, समोर वारा वाढत होता, आणि दुसऱ्या नौकेला ओढायला बोलवायचं म्हणजे डिझेलही आपलं आणि उपकारही डोक्यावर. यांनी इंजिन चालू केलं. पाऊण तासात खालून ठोके यायला लागले आणि इंजिन बसलं. मग शेवटी ओढूनच आणावी लागली.

मिस्त्रीचाचा जेटीवर आले, काठी पाहिली आणि म्हणाले, "खलाशांनी रेस दिली असणार. डिझेलात पाणी असेल." डिझेलातलं पाणी ऑइलमध्ये असं दुधासारखं येत नाही, हे आज आम्हालाही कळतं. तेव्हा नुसते ऐकत राहिलो. त्यानंतर त्यांनी फोन उचलणं बंद केलं.

ते दिवस वाईट गेले. यांना जमातीत विषय काढायचा होता. दीर म्हणाले, शेडचं कुलूपच बदलू. आम्हाला वेगळीच अडचण. चाचांची धाकटी मुलगी आमच्याच नववीच्या वर्गात, दुसऱ्या बाकावर. एरवी प्रत्येक प्रश्नाला हात वर करणारी. तिने मान वर करणं सोडलं. एकदा तिची वही तपासताना लाल पेन नेहमीपेक्षा जोरात चालतंय, हे लक्षात आलं. वही मिटली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून तपासली.

रत्नागिरीतल्या ओळखीच्या वकिलांनाही विचारलं. ते म्हणाले, जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या कामाला शुल्कही नाही. मग त्यांनी हात पुढे केला, "बिल दाखवा." आम्ही पर्समधून ती चिठ्ठी काढली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि काही न बोलता परत दिली.

तोवर दुसरा मेकॅनिक शोधला होता, आयटीआय केलेला, तिशीतला मुलगा. त्याने आधी विचारलं, "सुरुवातीला काय दिसलं होतं?" टाकीतला तवंग सांगितला. तो म्हणाला, गॅसकेटनेही असं होतं, पण आधी ऑइल कूलर बघायला हवा. ऑइल गार करायला इंजिनात एक कूलर असतो, आत एका बाजूने ऑइल आणि दुसऱ्या बाजूने पाणी फिरतं. त्याच्या पत्र्याला बारीक भोक पडलं, तर इंजिन चालू असताना ऑइलचा दाब जास्त म्हणून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब संपतो, आणि गरम पाण्यात उरलेल्या दाबाने पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणूनच मे महिन्यात टाकीत तवंग आणि पहाटे काठीवर चहा.

त्याने कूलर काढला, तोंडं बंद करून त्यात हवा भरली आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात ना, अगदी तसं. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ निघाली. सगळं मिळून अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी दीड लाख आणि अर्धा मोसम गेला होता.

कूलर, फिटिंग आणि नवं ऑइल मिळून २३,००० झाले. ठोके देऊन खराब झालेल्या बेअरिंगचं काम ३८,००० झालं. या वेळी प्रत्येक भागाचं नाव लिहून घेतलं, जुने भाग गोणीत भरून घरी आणले, आणि जेटीला बांधून इंजिन दोन तास चालवून पाहिल्यावरच शेवटचे दहा हजार दिले. त्या मुलाला याचा राग आला नाही. "सगळ्यांनी असंच करावं," म्हणाला. आम्हाला उगीच भीती होती.

मग एका शुक्रवारी मगरिबनंतर आम्ही दोघंच मिस्त्रीचाचांकडे गेलो. हातात तो जुना कूलर आणि हिशेबाचा कागद. दिरांना मुद्दाम घरी ठेवलं. चाचांनी कूलर उचलला, अंगठा बरोबर त्या कोपऱ्यावर फिरवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"हा मी उघडलाच नव्हता," शेवटी म्हणाले. "तवंग पाहिला आणि गॅसकेट म्हणून मोकळा झालो. तुम्ही रोज येऊन उभे राहत होतात, भाभी. पण काठी पांढरी दिसल्यावर इंजिन कोणी चालवलं?"

हे खाली बघत होते. म्हणाले, "मीच, चाचा."

त्या दोन वाक्यांनंतर हिशेब सोपा झाला. बेअरिंगचे ३८,००० आमचे. कूलरचे २३,००० त्यांचे. हेडच्या कामाची खरंच गरज होती की नाही, यावर पुन्हा आवाज चढले. चाचींनी सरबत आणलं, ते तसंच राहिलं. अखेर मजुरीतले २७,००० परत द्यायला ते तयार झाले. एकूण ५०,०००, महिन्याला ५,०००. आमच्या मते आणखी थोडे निघायला हवे होते. त्यांच्या मते हेही जास्त होते. शाळेच्या दुरेघी वहीचं पान फाडून सगळं लिहिलं, तारखेसकट, आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या.

दुसऱ्या महिन्याचा हप्ता घेऊन त्यांची मुलगी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत आली. पाकीट दोन्ही हातांत धरलेलं. आम्ही ते घेतलं नाही. तिला म्हटलं, "बेटा, हे अब्बांना परत दे. त्यांना सांग, मॅडमनी घरी बोलावलंय." ती गेली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते कळलं नाही.

संध्याकाळी चाचा थेट जेटीवर आले. पैसे दिले, कागदावर सही केली. मग कोणी न सांगता नौकेत उतरले, ऑइलची काठी ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली आणि मावळतीच्या उजेडात धरून पाहिली.