निळू आणि त्याचे गोटे

निळू घरी आला तेव्हा त्याचं पोट खपाटीला गेलं होतं. स्टिफोडॉन नावाच्या गटातला, जेमतेम बोटाएवढा हा मासा, आपल्या खरब्याच्या गोतातला. दगडावरचं शेवाळ आणि त्यातले सूक्ष्म जीव हेच त्याचं अन्न. दुकानातल्या लख्ख घासलेल्या काचेवर ते त्याला कुठून मिळणार?

आमच्या बाल्कनीत पाण्याच्या घमेल्यात गुळगुळीत गोटे उन्हाला ठेवलेले असत. त्यांवर हिरवट-तपकिरी थर धरला की एक गोटा टाकीत जाई आणि टाकीतला साफ झालेला पुन्हा उन्हात येई. पंपाचा झोत जिथे सर्वांत जोरात, तिथेच निळू ठाण मांडी. पोटाखालचे दोन पर जुळून त्यांची वाटी झालेली. तिच्या जोरावर तो गोट्याला घट्ट चिकटून राही. खाली वळलेलं तोंड दगडावर टेकवून इंच इंच पुढे सरके आणि मागे शेवाळात फिकट पट्टा उमटे. पोट भरत गेलं, तशी करड्या अंगावर निळाई चढली. फिकट अंगावर दोन काळे पट्टे असलेली मादी आणली, तेव्हा तर तो सगळे पर उभारून मोरासारखा मिरवू लागला.

एकदा चपट्या दगडाखाली, छताला, अंड्यांचा बारीक थर दिसला. निळू खाणं सोडून तिथेच राखणीला बसला. पिल्लं निघाली, पाण्यात तरंगली आणि थोड्याच दिवसांत संपली. यात त्याचा दोष नव्हता, पाण्याचाही नव्हता. या माशांची पिल्लं ओढ्यात जन्मतात, प्रवाहाबरोबर समुद्रात जातात आणि वाढून पुन्हा गोड्या पाण्यात चढतात. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या जातीची पिल्लं समुद्रात साधारण 3 ते 5 महिने काढतात. म्हणूनच दुकानात दिसणारे स्टिफोडॉन बहुतेक सगळे कुठल्या तरी बेटावरच्या ओढ्यातून धरून आणलेले असतात.

निळू आमच्याकडे पुढे काही वर्षं सुखानं जगला. ओढा आम्ही त्याला जमेल तसा दिला, समुद्र देणं हातात नव्हतं. ज्याला हा मासा पाळायचा आहे त्याला मी कळकळीनं सांगतो: आधी गोट्यांवर शेवाळ धरू द्या, पाणी खेळतं ठेवा, टाकीला घट्ट झाकण करा, कारण हे मासे ओल्या काचेवरूनही चढतात. मासा त्यानंतर आणा. एवढ्या लांबून आणलेल्या जिवाला उपाशी ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही.