आजोबांची ‘कसोटी’

खेतवाडीतील आमच्या जुन्या चाळीचा पुनर्विकास ठरला आणि माळ्यावरची आजोबांची लाकडी पेटी खाली आली. तीत तीन लाल चोपड्या, पितळी दौत, बोरूंची जुडी आणि तळहाताएवढा एक काळपट दगड निघाला. हा दगड म्हणजे आजोबांची कसोटी, असे घरात सांगितले जाई. झवेरी बाजारात त्यांची सोन्याची पेढी होती, या आमच्या अभिमानाचा तोच एक पुरावा.

“नवीन घरात काचेच्या कपाटात ठेवू, पण आधी कोणा जाणत्याला दाखवून आण,” थोरले काका म्हणाले. दगड फडक्यात गुंडाळून मी निघालो. सी. पी. टँक मागे पडला की भुलेश्वरची फुले आणि पूजासाहित्याची दुकाने लागतात; पुढे मुंबादेवीच्या परिसरात झवेरी बाजार. तेथील एका वृद्ध सराफांनी दगड हातात घेतला, बोट फिरवले आणि ते हसले.

त्यांनी आपली कसोटी शेजारी ठेवली. ती सपाट, गुळगुळीत, काळीभोर. तिच्यावर सोने ओढताच अखंड पिवळी रेघ उमटली. अशा रेघेवर तेजाब लावून हिणकस धातू ओळखतात. आमच्या दगडावर मात्र रेघ तुटक आली. शिवाय त्याचा मध्य खोलगट झिजलेला होता. “ही झीज पात्याची आहे. हा कस लावायचा नव्हे, धार लावायचा दगड,” ते म्हणाले. संस्कृतात ‘शाण’ हा शब्द धारेच्या दगडालाही आहे आणि कसोटीलाही. देरासरात चंदन उगाळण्याची सहाण याच कुळातली. नावे अशी जवळची असल्यावर घरच्यांची गफलत झाली, यात नवल नाही.

दगड नैसर्गिक की कारखान्यातला, हेही त्यांनीच तराजूवर दाखवले. हवेत वजन भरले २७५ ग्रॅम. दोऱ्याने पाण्यात लोंबकळता तोलले तेव्हा १७५. घटलेल्या १०० ग्रॅमने मूळ वजनास भागले की येते २.७५. पाटीच्या जातीचा घट्ट दगड साधारण याच घनतेचा असतो. मुंबईचा काळा बेसाल्ट बहुधा याहून थोडा जड भरतो, आणि बारीक धारेस तो सहसा उपयोगी नाही.

हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, एका जुन्या दुकानदाराने आणखी खुणा सांगितल्या. अमेरिकेत १८९१ साली कार्बोरंडम तयार झाले आणि पुढे त्याचे दगड जगभर पसरले. त्यांचा कण सर्वत्र सारखा, पुष्कळदा दोन बाजूंना दोन पोत; पाण्यात टाकले की बुडबुडे सोडतात. आमच्या दगडात फिकट शीर आडवी गेली होती, कडा हाताने कापलेल्या होत्या आणि बुडबुडा एकही आला नाही. दगड खाणीतलाच होता. मधली खाच मात्र जेमतेम बोटाच्या रुंदीची. “एवढ्याशा दगडावर सुतार रंधा लावणार नाही. हा लहान चाकूचा,” तो म्हणाला.

लहान चाकू कशाचा? घरी येऊन दगड पालथा केला, तर पाठीवर शाईचे डाग. बोरूचे टोक लिहिता लिहिता झिजते. ते तिरके तासून मधोमध चीर द्यावी लागते. चाकू बोथट असेल तर बोरू फाटतो आणि चोपडीत डाग पडतो. मग चोपड्या उघडल्या. पहिल्या पानावर पेढीच्या मालकाचे नाव होते, ते आमच्या घराण्याचे नव्हते. आत पानोपानी ‘हस्ते’ म्हणून आजोबांचे नाव. आजोबा शेठ नव्हते, मुनीम होते.

काकांना हे कसे सांगावे, या विचारात रात्र गेली. सकाळी सांगितले. ते बराच वेळ चोपडी चाळत राहिले. तीन वर्षांच्या हिशेबात एकही खाडाखोड त्यांना दिसली नाही.

“पेढी त्यांची नव्हती,” अखेर ते म्हणाले, “पण हिशेब त्यांचा होता. मुलांना आता हेच सांगायचे.”

दगड कोमट पाण्याने धुऊन घेतला. पाठीवरचे डाग मुद्दाम राहू दिले. काचेच्या कपाटाचा बेत सोडला. यंदा दिवाळीत चोपडीपूजन झाले तेव्हा नव्या चोपडीशेजारी तो ठेवला होता.